सुनंदाच्या पायाची सूज

सोम., २ फेब्रु. इंदिरानगर, नाशिक
प्रशिक्षणाचा पहिला दिवस. प्राथमिक आरोग्य केंद्रांचे आम्ही बावीस डॉक्टर, विषय नेतृत्व. शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, केंद्रात तुमचं सगळ्यात जास्त कोण ऐकतं? म्हटलं, आमच्या आशा कार्यकर्त्या. मीटिंगमध्ये एकही शब्द बोलत नाहीत. मॅडम नुसत्या हसल्या.
आईकडे राहतेय. हरसूलकडचं माझं केंद्र एका दिवसात लांब गेल्यासारखं.

मंगळ., ३
दुपारी जनाबाईंचा फोन, आमच्या वरच्या पाड्याच्या आशा. "मॅडम, सुनंदाला झटके आले. आठवा महिना हाय. जीप केली, नाशिकला आनतो."
वर्ग सोडून सरकारी दवाखान्यात पळाले. फाटकाशी दीड तास. जीप आली तेव्हा सुनंदाचं डोकं जनाबाईंच्या मांडीवर, शुद्ध नाही. बीपी भयंकर वाढलेलं. ऑपरेशन करून मुलगी काढली.
संध्याकाळी सुनंदा गेली. एकवीस वर्षांची.

बुध., ४
वर्गाला गेले नाही. दवाखान्याच्या बाकावर जनाबाई हळूच म्हणाल्या, "मी सांगितलं व्हतं मॅडम. मागल्या मीटिंगला. पायाला सूज हाय, डोकं लय दुखतं तिचं."
आठवलं. दोन्ही बीपी वाढल्याच्या खुणा. मी तक्ते भरून घेत होते. "ते नंतर बघू, आधी आकडे द्या." त्यांना परतीची जीप गाठायची होती. मीही पुन्हा विचारलं नाही.

गुरु., ५
वर्गात सगळं सांगितलं. शेजारचे डॉक्टर म्हणाले, तुमच्या एकटीचा दोष नाही, नर्सची जागा रिकामी, गाडी नादुरुस्त. खरंय. पण सूज माझ्या टेबलापर्यंत आली होती.
जेवले नाही.

सोम., ९. केंद्र
सगळ्या आशांना बोलावलं. तक्ते कपाटात. सांगितलं, सुनंदाचं मला कळवलं होतं, मी ऐकलं नाही. यापुढे आधी तुम्ही बोलायचं, आकडे मागाहून.
एक जण म्हणाली, "बोल्लं तर आमच्यावर येनार नाय ना?"
शेवटी तीन गरोदर बायांची नावं निघाली. तिघींना आजच तपासलं. एकीचं बीपी जास्त, लगेच नाशिकला पाठवलं.
जनाबाई भिंतीशी बसून होत्या. निघताना माझ्याकडे न बघता गेल्या.

गुरु., १२
पाड्यावर गेले. सुनंदाची सासू अंगणात नागली पाखडत होती. बाळ अजून नाशिकला, काचेच्या पेटीत, बाप तिथंच.
म्हटलं, जनाबाईंनी मला वेळेत सांगितलं होतं. मी लक्ष दिलं नाही. चूक माझी.
तिचं सूप थांबलं नाही. तशीच म्हणाली, "पोरीला दूध कोन पाजतं तिथं?"
मला माहीत नव्हतं. उद्या विचारून सांगते म्हटलं.
"आत्ताच इचारा."
पाड्यावर रेंज नाही. मागच्या टेकडीवर चढले. नाशिकच्या दवाखान्यात फोन लागला, वाजत राहिला. खाली ती सूप ठेवून वर बघत उभी.