आधी तुम्ही

येडशी,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादास,
निकिताचा नमस्कार.

घरी सगळे ठीक आहेत. थंडीनं आबांचा गुडघा धरतो, पण मेंढरांमागं जायचं काही ते सोडत नाहीत. काळी मेंढी व्याली, जुळी कोकरं झाली. आई म्हणाली, "शिवशंकरला कळीव, न्हायतर मागनं म्हणंल मला कुणी सांगितलं न्हाय." तर कळवलं.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर वहिनी शेजारीच बसलेल्या असतात आणि मला त्यांच्याबद्दलच लिहायचंय. शिवाय बोललेलं खोडता येत नाही. आपल्या वस्तीवरचा श्रीनाथ उद्या हैदराबादला माल घेऊन येतोय, त्याच्या हाती हे देते आहे. वाईट काही नाही. हे वाक्य आधी लिहायला हवं होतं.

दिवाळीला तू तुझा जुना फोन वहिनींना देऊन गेलास ना, त्यावर मी एक खेळ घातलाय. माझ्या फोनवरही तोच आहे. एक लाल बाहुला, एक निळा. लाल वहिनी चालवतात, निळा मी. समोर दारं, खड्डे, भिंती असतात आणि एकट्यानं काहीच उघडत नाही. एकानं ठरावीक फरशीवर उभं राहायचं, की दार उघडतं. तो हलला की दार बंद. तो तिथं उभा असेतोवर दुसऱ्यानं आत शिरायचं. दोघंही शेवटच्या ओट्यावर पोचल्याशिवाय तो टप्पा, आम्ही त्याला घर म्हणतो, पुरा होत नाही.

तुला माहीत आहे, मी गॅस बंद केला का ते तीनदा बघणारी. लॅबचा कोर्स करतानाही बाटलीवरचं नाव पुन्हा पुन्हा वाचायचे. पण या खेळात चुकलं तर काहीच होत नाही. बाहुला खड्ड्यात पडतो आणि परत काठावर उभा राहतो. कुणी हरत नाही, कुणाचा पहिला नंबर येत नाही. शाळेत कायम पहिल्या नंबराच्या धाकात काढलेल्या मला हे इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. आणि वहिनी काय हसतात! "वन्सं, मला उचला, मी पडले!" म्हणून ओरडतात. त्यांना असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. तू ऐकलंयस का?

पण एका घरात आम्ही अडकलो ते अडकलोच. तिथं फरशी एक आणि दार एक. मी फरशीवर उभी राहून म्हणायचे, "वहिनी, तुम्ही जा." त्या येऊन माझ्याच शेजारी उभ्या राहायच्या. "न्हाय बाई, आधी तुम्ही जावा." दार सताड उघडं आणि आम्ही दोघी फरशीवर. संध्याकाळच्या संध्याकाळी अशा गेल्या. आई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "जेवताना बी तुमचं हेच. शेवटची भाकरी तू घे, तू घे करत ऱ्हाता आन् ती जाती कुत्र्याला."

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते.

मिरजेच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये माझी निवड झाली आहे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना नकार कळवायचा असं मनात पक्कं केलं होतं. तू तिकडं, आबांचा गुडघा असा, मी गेले की मेंढरं, पाणी, चूल सगळं वहिनींच्या अंगावर पडणार. मी शिकलेली म्हणून सुटून जायचं आणि त्यांनी राबायचं, हे बरं दिसत नाही.

परवा त्याच दाराशी अडकलेलो असताना माझ्या तोंडून निघून गेलं. वहिनींनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "माझ्यामुळं न्हाय म्हणताय व्हय?"

"तसं नाही, आई-आबा..."

"वन्सं, मी हितनं हलत न्हाय. जावा आत."

मी गेले. आत गेल्यावर भिंतीआड एक दांडा दिसला, बाहेरून तो दिसतच नाही. तो ओढला आणि वहिनींच्या पुढची भिंतच खाली बसली. त्या फरशी सोडून चालत आत आल्या. अशा काही ओरडल्या की आई उलथनं घेऊनच धावत आली.

"हात्तिच्या!" वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, मी तिथंच ऱ्हाणार." बराच वेळ हसत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "वन्सं, माझी नववी झालीय. घरी बसून दहावी देता येती म्हणं. मिरजंला गेल्यावर तेवढं बघाल का?"

दादा, शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांसाठीचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी देता येते. पुढच्या वर्षासाठी मी चौकशी केली आहे. आणि एक. तू सातवीनंतर मेंढरांमागं गेलास आणि मी शाळेत. तुला शाळा आवडत नव्हती असंच मी धरून चालले होते. परवा दांडा ओढताना तू आठवलास. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

मी मिरजेला हो कळवलं आहे. तुला विचारत नाही, सांगते आहे. हे वाक्य दोनदा खोडलं होतं, आता राहू देते. आबांनी विचारलं, "रगत काढायचं काम? सुईला भिऊ नगं."

"आबा, सुई मीच टोचणार आहे."

"मग लोकांनी भ्यावं," म्हणाले, आणि उगीचच कोकराला कुरवाळत बसले.

शुक्रवारी येडशीहून गाडी आहे. वहिनी स्टेशनावर येणार आहेत. खेळ लांबूनही जोडता येतो, पण माझी लॅबमधली कामाची पाळी कधी कशी असेल सांगता येत नाही. म्हणून तुझ्याही फोनवर तो घाल, श्रीनाथला कसं ते दाखवून ठेवलंय. पुढच्या दाराशी पोचलात की वहिनी म्हणतील, "आधी तुम्ही." ऐकू नकोस. फरशीवर तू उभा राहा.

दाराच्या आतून,
तुझी
निकिता