देवाची बाटली

प्रिय रोशनी,

नोकरीच्या गावी पत्र आलेलं बघून घाबरू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत, तुझी आई मांडववाल्याशी रोज भांडते आहे, म्हणजे लग्न वेळेवर होणार. फोन केला असता, पण फोनवर मला खोटं फार छान बोलता येतं. ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? म्हणून कागद घेतला. तीन फाडले, हा चौथा.

मागच्या वर्षी दारू सोडणाऱ्यांच्या सभेचा नंबर चिठ्ठीवर लिहून तू माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवला होतास. दोन महिने ती चिठ्ठी डब्याबरोबर कंटेनर यार्डात जायची आणि परत यायची. शेवटी एकदा फोन लावला. पनवेलातच सभा आहे म्हणाले, तर मी म्हटलं, लांबची सांगा. कोळीवाड्यातलं कुणी भेटायला नको ना! रोडपालीची शाळा सांगितली. शाळेला चार फेऱ्या मारल्या आणि पाचव्यांदा जिना चढलो. वर्गात चहा कोण ओतत होतं म्हणशील? आपला आनंदा! सगळा वाडा ज्याला माळकरी झाला म्हणून हात जोडतो, तो. हसून म्हणाला, "ये, बस. आमी सगले सारकेच हाव हितं."

लहान पोरांच्या बाकावर गुडघे मावत नाहीत. तिथे एकेकाने उठून आपलं सांगायचं असतं. पाच सभा मी तोंड उघडलं नाही. सहाव्या सभेत तुझ्या दहावीच्या पेपरचा दिवस सांगितला. रिक्षा स्टँडच्या कडेला मी पडलो होतो, तू मैत्रिणींबरोबर चालली होतीस. एकीने विचारलं, ओळखीचे आहेत का गं? तू नाही म्हणालीस. मी जागा होतो, पोरी. तुला वाटत असेल मला काही कळलं नाही. राग नाही माझा. मी तुझ्या जागी असतो तर तेच म्हणालो असतो.

त्यानंतर अकरा महिने काढले. सोपं नव्हतं. आपल्यात हळदीला ग्लास नाही म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारणं. डॉक्टरांनी बंद केली आहे हे कारण दोन हळदी चालतं, तिसऱ्या हळदीला लोक डॉक्टरलाच शिव्या घालतात. आनंदाने युक्ती सांगितली, "माल घाल गल्यात. माल दिसली का कोन आग्रह करनार नाय." त्याने स्वतः तेच केलं होतं. पण माळ घातली की म्हावरं बंद. मी म्हटलं, दारू सोडतो, पण कोळ्याच्या जन्माला येऊन बोंबील कसा सोडू? त्या दिवशी सगळा वर्ग हसला. मीच जास्त हसलो.

मग तुझं लग्न ठरलं. भावकीच्या बैठकीत तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, माझ्या हळदीला दारू नको, बाबांनी सोडली आहे. किती बोलले तुला! "बिनदारूची हलद म्हंजी मयताचा चा," असं तुझ्या चुलत्याने तोंडावर सुनावलं. तू हटली नाहीस. शेवटी एवढंच ठरलं, की मांडवात काही नाही, फक्त देवाची एक बाटली. नवरीच्या बापाने देवाच्या आणि पूर्वजांच्या नावाने जमिनीवर धार सोडायची, बस. तू सगळ्यांदेखत म्हणालीस, धार बाबाच सोडतील आणि एक थेंब तोंडाला लावणार नाहीत, बघत राहा. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. माझा इतका अभिमान कुणाला कधी वाटला नव्हता.

ती बाटली देवघराखाली आणून ठेवली होती. सोमवारी दुपारी तुझी आई शिरढोणला पत्रिका वाटायला गेली. घरात मी एकटा. कुणी आग्रह केला नाही, कुणी चिडवलं नाही, दुःखही नव्हतं गं काही. मी देवाचीसुद्धा ठेवली नाही. संध्याकाळी तशीच दुसरी आणून जागेवर ठेवली. तुझ्या आईला अजून कळलेलं नाही, निदान ती तसं दाखवते.

काल रोडपालीला गेलो. उठून सांगितलं, अकरा महिने गेले, आज पुन्हा माझा पहिला दिवस. कुणी रागावलं नाही. आनंदाने चहा पुढे केला. रागावले असते तर बरं झालं असतं. मला आता माझ्या कुठल्याच शब्दाची खात्री वाटत नाही, रोशनी. सोडतो म्हणताना सोमवारच्या आधीही मी खरंच बोलत होतो.

म्हणून हे लिहितोय. देवाची धार तुझ्या दादूमामाला सोडू दे. ती बाटली माझ्या हातात देऊ नका. शनिवारी तुला हळद लागेल तेव्हा मी रोडपालीच्या वर्गात असेन, आनंदाही माझ्याबरोबर बसणार आहे. बाप कुठे आहे असं भावकीने विचारलं तर खरं सांग. तुला सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागेल, ती माझ्यामुळे. रविवारी लग्नाला मी येईन असं लिहायला हात धजत नाही. धड असलो तर येईन, मागे उभा राहीन. मुहूर्ताला दिसलो नाही तर थांबू नकोस, कुणाला शोधायला पाठवू नकोस. अक्षता पडू देत.

जसा आहे तसा, तुझाच
बाबा