छापून आलेलं पुरोहितपद

बाशिका

प्रिय मादलेन,

पॅरिसच्या थंडीत तुझे गुडघे कुरकुरत असतील, त्यांना जपून वापर. आम्ही मजेत आहोत. यंदा ऑलिव्ह भरपूर आणि ते चावायला दात कमी.

तुमच्या तिथल्या एका वर्तमानपत्रात माझा धाकटा दीर शेमो झळकला. गेल्या वसंतात लाल बुधवारला, आमच्या नववर्षाच्या सणाला, एक बातमीदार आला होता. शेमोने त्याला पोटभर जेवू घातलं, अंडी लाल रंगात रंगवून दाखवली. त्याने फोटो काढला आणि खाली छापलं, ‘रक्ताने माखलेल्या हातांचा मुख्य पुरोहित’. आम्ही यझिदी म्हणे कोणाची पूजा करतो, तो शब्द मी लिहीत नाही. आमच्यात तो उच्चारतही नाहीत. (आपल्या शाळेत धर्माच्या तासाला देवाच्या वैऱ्याचा तो शब्द आला की सिस्टर आन माझ्याकडे बघून खोकायच्या आणि पुढच्या ओळीवर जायच्या, आठवतं? मुलींना वाटायचं, सिस्टरना दमा आहे. अशी माया पुन्हा कुठे भेटली नाही.) त्या शब्दाचं कोणी मनावर घेतलं नाही. माझ्या आजीच्या वेळेपासून परक्यांची वर्तमानपत्रं तेच छापतात.

घात केला तो ‘पुरोहित’ने. आम्ही मुरीद, म्हणजे साधी माणसं. पुरोहितपण असतं शेखांकडे आणि शेख-मुरीदांत सोयरीक होत नाही. शेमोच्या मुलीचं, गुलेचं, लग्न ठरलंय सिंजारच्या मुरीदांकडे. तिथल्या चहाच्या दुकानात कोणा मास्तरांनी ती बातमी वाचून दाखवली, आणि विहीणबाई झरीफे मालट्रकमध्ये बसून इथे हजर.

“शेखांची मुलगी आमच्या गळ्यात मारता होय? पाप कोणाच्या माथी?”

“अहो, आपण कोणाला भजतो, तेही त्यात लिहिलंय. ते खरं मानता का?” मी विचारलं.

“ते खोटंच. परक्यांना काय कळतंय. पण पुरोहिताचा फोटो दिलाय की!”

आम्ही मुरीदच, अशी आमच्या शेखांनी येऊन साक्ष दिली, तर त्यांना म्हणाल्या, “यांच्या घरचं तेल खाता, तुम्ही दुसरं काय बोलणार?”

निसान महिना, म्हणजे तुमचा एप्रिल, लागला की आमच्याकडे लग्न लागत नाही, आणि तो तोंडावर आलाय. गुले रडत नाही, भांडी आपटते. शेमो मात्र हल्ली दाढीला तेल लावतो आणि मधूनच मला आशीर्वाद देतो.

तुझी,
नाझे

ता. क. त्या कचेरीत जाऊन दुरुस्ती छापून आण : शेमो पुरोहित नाही, लोणचंवाला आहे. बाकीच्या मजकुरावरून भांडत बसू नकोस, नाहीतर निसान उजाडेल.

आणखी एक. गुले म्हणते, दुरुस्ती नाहीच जमली तर नवऱ्या मुलालाही मुख्य पुरोहित करून टाकायला सांग, म्हणजे बरोबरी होईल. त्याचा फोटो सोबत जोडलाय. दाढी अजून नीट आलेली नाही, तेवढं त्यांनी सांभाळून घ्यावं.