बॅटरीवरली तांबडी खूण

धर्मापुरी, माळावरची वस्ती
दि. १८ मे २०२५

श्री. राधाकिशन दाजी यांना मुंजाजीचा रामराम.

इकडं सगळं बरं हाय. आई बरी हाय, मेंढरं बरी हायत. तुमच्या योगिताचा दहावीचा निकाल चांगला लागला म्हणून कळलं, आईला लई आनंद झाला.

फोन कावून केला न्हाई म्हणाल. तुमचा फोन निम्मा वेळ ताईच्या हातात असतो, आन् हे तिनं माझ्या तोंडून ऐकू नये. म्हणून लखनच्या हाती चिठ्ठी देतोय. त्याला वाचता येतं, म्हणून डिंकानं चिकटवली हाय.

मोबाईलच्या टावरची राखण तुमीच मला लावून दिली. दुरुस्ती तुमच्याकडं, राखण माझ्याकडं, घरचं काम घरात, असं म्हणलात. लई उपकार वाटलेते. खंडेनवमीला मी टावरखालच्या लोखंडी डब्यातल्या चारी बॅटऱ्यांची पूजा केली आन् मेंढरांच्या पाठीवर करतो तशी एकेकीला बुडाशी तांबड्या ऑइलपेंटाची दोन बोटं ओढली. राखणीत आलेल्या जनावराला खूण करायची, एवढंच मला ठाऊक. तुमी हसाल म्हणून बोललो न्हाई.

एप्रिलच्या शेवटी तुमी पिकअप घेऊन आलात. "बॅटऱ्या धुवायच्या हायत, तू मेंढरं पाण्यावर ने," म्हणलात. परत आलो तर डब्यात चार बॅटऱ्या होत्या, खूण नव्हती. धुण्यात गेली असंल म्हणलं. जाताना सांगितलंत, रोज मीटर बघून वहीत आकडा लिही, लाईटचं बटण पाडून बॅटरीवर किती चालतंय ते बघायच्या भानगडीत पडू नको. पडलो न्हाई. आकडा रोज झकास. लाईट चालू असली की मेलेली बॅटरी बी भरलेलीच दिसती, हे मला आता कळलं.

गेल्या सोमवारी दुपारी वावटळ आली, खांब पडले. आधी लाईट गेली तरी टावर सांजपर्यंत चालायचा. त्या दिवशी पाव तासात बंद. तेवढ्यात माझ्या बबिताला कळा सुरू झाल्या. आठवा महिना होता. एकशेआठला फोन लावतोय, लावतोय, मोबाईलवर एक दांडी न्हाई. मोटारसायकलवर गावात जाऊन जीप आणली. वाटंत झाड आडवं होतं. दोन तास गेले.

पोरगी होती. रडली न्हाई.

वर सगळं बरं हाय लिहिलं, ते खोटं हाय. बबिता माझ्याशी बोलत न्हाई. राखण तुझी होती ना, एवढंच एकदा म्हणली.

मला बी वाटलं, माझंच चुकलं. गुरुवारी ताईला सांगायला केजला आलतो. तुमी घरी नव्हता. गल्लीत लाईट नव्हती, तुमच्या घरात पंखा चालू होता. "ह्यांनी नवीन इन्व्हर्टर बसवलाय, बघ की," म्हणत ताईनं कौतुकानं जिन्याखाली नेलं. चार बॅटऱ्या. तिनं पदरानं धूळ पुसली. "हे तांबडं कशाचं लागलंय रे?"

मी म्हणलो, रंग हाय.

मग त्याच पंख्याखाली बसून तिला पोरीचं सांगितलं. ताई लई रडली. माझ्या तोंडावर तो वारा येत होता दाजी, आन् मला उठता येईना.

परका असता तर मी त्याच्यासमोर बटण पाडून बघितलं असतं. तुमी होता म्हणून बघितलं न्हाई. तुमी दगा दिला. तुमच्यावर डोळे झाकून विसंबलो, त्याचा मला आता राग येतो, आन् तुमचा त्याहून जास्त.

टावर कावून बंद पडला ते बघायला मंगळवारी कंपनीचा साहेब येणार हाय. आळ माझ्यावर हाय, वहीत सह्या माझ्या हायत. त्यानं विचारलं तर मी खुणेचं सांगणार, आन् ती कुठं बघितली ते बी सांगणार. त्याच्या आधी ताईला तुमच्या तोंडानं सांगा. माझ्याकडून तेवढं होणार न्हाई.

खाली "तुमचा मेव्हणा" लिहायला घेतलं, हात चालला न्हाई.

उज्ज्वलाताईचा भाऊ,
मुंजाजी