बाबांची बोलकी पाटी

७ जानेवारी, बुधवार
सावनेरच्या शाळेत कॉम्प्युटरचे तीन तास शिकवले. परतताना बसमध्ये डोक्यात पाटीच. दिवाळीनंतर बाबांना लकवा झाला, तेव्हापासून समजतं सगळं, शब्द निघत नाही. गांधीबागेत आयुष्यभर बोलत कापड विकलेला माणूस. टॅबवर चित्र दाबलं की टॅब बोलेल, अशी पाटी करतेय. तिचा कोड लॅपटॉपवरच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एआय असिस्टंट लिहितो, पण त्याची रोजची मर्यादा काम अर्ध्यात असतानाच संपते. गणित शिकवणारी वैशाली म्हणाली, "दुसऱ्या कंपनीची एपीआय की, म्हणजे त्याईची किल्ली, लाव नं त्याले. असिस्टंट तोच, मागचं मॉडेल त्याईचं." असं जमतं हे माहीतच नव्हतं.

८ जाने., गुरु.
बसच्या आधी त्या कंपनीत खातं उघडलं, एपीआय की मिळाली. बाबांचे दवाखान्याचे रिपोर्ट पाटीच्या फोल्डरमधून आधी काढले, परक्या कंपनीकडे नकोत. सेटिंगमध्ये त्यांच्या सर्व्हरचा पत्ता आणि नवी की टाकली. उत्तर आलं ४०१, म्हणजे की नामंजूर. असिस्टंट जुनीच की पाठवत होता. पुसली, टर्मिनल नव्याने उघडलं. आता ४०४, असं काही सापडत नाही. म्हणजे की चालली, पत्ता चुकतोय! एरर बदलली म्हणून इतका आनंद की बस चुकली.

१० जाने., शनि.
वैशाली घरी आली. संत्रं सोलत स्क्रीन पाहिली. "पत्त्याच्या शेवटी व्ही-वन तू बी लिहिलं, अन् तो असिस्टंट बी जोडून राहिला. दोनदा झालं वं."
खोडलं. 'नमस्कार' टाकलं. आलं उत्तर, मराठीत. जेवणाच्या आत पाटी उभी, बारा चौकोन: अकरांत चित्रं, बारावा अजून रिकामा.

११ जाने., रवि.
बाबांनी पाणी दाबलं. टॅब म्हणाला, "मला पाणी हवे आहे." बाबांनी तोंड वाकडं करून टॅब माझ्याकडे सरकवला. बरोबरच आहे, असं पुस्तकी ते जन्मात बोलले नाहीत. असिस्टंटला सांगितलं, यंत्राचा आवाज काढ, रेकॉर्डिंग लावता येऊ दे. वीस मिनिटांत तयार. पण आवाज कोणाचा? आई म्हणते, "माहा आवाज त्याईच्या तोंडी काहून?" कन्हानच्या काकांना फोन केला. भावाभावांचा आवाज सारखाच.

१३ जाने., मंगळ.
काल काका येऊन अकरा वाक्यं बोलून गेले. आज शाळेतून आले तर बाबा टॅब मांडीवर घेऊन बसलेले. दाबलं. "चहा ठेव वं."
स्वयंपाकघरातून आई, "ठेवून राहिली."
मग दारात येऊन उभीच राहिली. बाबांनी पुन्हा दाबलं. परत एकदा. हसत होते.
चहा झाल्यावर बाराव्या, रिकाम्या चौकोनावर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिले. तिथे काहीतरी हवंय. "दुकान? काका? बाहेर जायचं?" मानेनेच नाही म्हणाले. आईने विचारलं, तिलाही नाही. चिडले नाहीत. बोट मात्र उचलेनात.