मालक घरी नाहीत, संध्याकाळी या

चि. ढब्बू यास,

आशीर्वाद लिहावेत की नमस्कार, इथेच माझं पत्र दर वेळी अडतं. तू वयाने लहान म्हणून आशीर्वाद. पण बायकोचा भाऊ, म्हणजे मानही तुझाच. तेव्हा दोन्ही पाठवतो, जे लागेल ते ठेवून घे. तुझी पाठ आता कशी आहे? मोठीचे पुढचे दात आले का? (की पडलेत धाकट्याचे? तुझ्या ताईने सांगितलं होतं, पण तेव्हा मी कॉम्प्युटरपुढे होतो, आणि हल्ली मी कॉम्प्युटरपुढे असलो की नक्की कुठे असतो हे माझं मलाच कळत नाही. त्याबद्दलच हे पत्र आहे.)

मागच्या वेळी येऊन तू आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर ती करामत बसवून गेलास. जगात कुठेही बसा आणि फोनवर, टॅबवर, कारखान्यातल्या खटाऱ्यावर घरचा पडदा जसाच्या तसा उघडा, असं तू म्हणालास. तू बोटं चालवत होतास, मी मान डोलवत होतो. मान डोलवण्याचा अर्थ समजणं असा होत नाही, हे तुला कोणीतरी लहानपणीच सांगायला हवं होतं. पण मला गरजही होती. कपाटांचे आराखडे मी घरच्या कॉम्प्युटरवर काढतो आणि ते लागतात कारखान्यात, मिस्त्रीला, तेही त्याने फळी करवतीखाली धरल्यावर. म्हटलं, बरं झालं.

पहिल्या दिवशी सराव म्हणून मी घरच्याच कॉम्प्युटरवर बसून घरचाच कॉम्प्युटर उघडला. पडद्यात पडदा, त्यात पडदा, त्यात आणखी एक, असा न्हाव्याच्या दुकानातल्या समोरासमोरच्या आरशांसारखा बोगदा तयार झाला आणि त्याच्या तळाशी कुठेतरी माझं ओट्याखालचं कपाट मुंगीएवढं दिसायला लागलं. तुझी ताई म्हणाली, “घरात बसून स्वतःच्याच दाराची बेल काय वाजवताय?” आणि कपडे वाळत घालायला गेली.

दुसऱ्या दिवशी मात्र कारखान्यातून घरचा पडदा झकास उघडला. दिवसभर काम केलं आणि संध्याकाळी निघताना शिस्तीत कॉम्प्युटर बंद केला. तो घरचा होता. दोन्ही पडद्यांवर एकाच कोपऱ्यात एकसारखं बटण, मी तरी काय करणार? कारखान्यातला रात्रभर चालू राहिला, घरचा सकाळपर्यंत झोपला. सकाळी मिस्त्री माप विचारतोय आणि माझ्या पडद्यावर ‘संपर्क होत नाही’. घरी फोन करावा तर तुझी ताई शाळेत तासावर, तिचा फोन पर्समध्ये मुका. आणि घरी उरले दादा. तुझ्या वडिलांना फोन करणं म्हणजे भिंतीला गुदगुल्या करणं. त्यांना घंटाच ऐकू येत नाही, आणि कानाचं यंत्र ते लग्नातल्या कोटासारखं कपाटात जपून ठेवतात. मिस्त्रीने अंदाजाने फळी कापली. ती फळी आता आमच्या घरी आहे. तिचं काय करायचं ते सुचव.

त्या दिवसापासून मी ठरवलं की घरचा कॉम्प्युटर बंद म्हणून करायचा नाही. आणि सगळा घोटाळा इथे झाला, कारण चालू कॉम्प्युटर आणि रिकामा माणूस एका खोलीत फार दिवस अनोळखी राहत नाहीत.

मध्यंतरी मी एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. त्यांना स्वयंपाकघर नव्याने करून घ्यायचंय. मी ऐटीत टॅब काढला, घरचा पडदा उघडला आणि त्यांचं स्वयंपाकघर त्यांच्याच ओट्यावर उभं केलं. बाई खूश. म्हणाल्या, “फ्रिज इथेच बरा.” आणि तेवढ्यात, ढब्बू, तो फ्रिज हलला. माझे दोन्ही हात टॅबच्या कडांना होते. पडद्यावरचा बाण आपसूक निघाला, फ्रिजला धडकला, त्याला फरफटत नेऊन त्याने दाराच्या मधोमध ठेवलं, मग गोंधळल्यासारखा दोन गिरक्या मारून वर कोपऱ्यात गेला आणि त्याने माझा आराखडा खाली पाडला. त्यामागे पत्ते निघाले. हिरव्या पडद्यावर मांडलेले, एकट्याने लावायचे पत्ते. आणि बाणाने सावकाश, खास विचार करून, चौकटची नश्शी उचलून किलवरच्या दश्शीवर ठेवली.

दूर कुठेतरी बसून लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणाऱ्या चोरांबद्दल मी वाचलं होतं. पण शिरून पत्ते खेळत बसणारा चोर म्हणजे कमालीचा निर्ढावलेला म्हणायचा. बाईंनी विचारलं, “तुमचा माणूस घरून काम करतो वाटतं?” मी हो म्हणालो. (दुसरं काय म्हणणार?) त्या चष्मा सावरून वाकल्या आणि म्हणाल्या, “मग त्याला सांगा, बदामचा गुलाम सुटतोय तिकडे.”

मी घाईघाईने कोरं पान उघडलं आणि त्यावर लिहिलं, ‘कोण आहे?’ बाण थबकला. मग माझ्या डोळ्यांदेखत एकेक अक्षर उमटायला लागलं, मध्ये पुसलं जात, पुन्हा उमटत: ‘आपण कोण?’

मी लिहिलं, ‘मी मालक.’

उत्तर आलं, ‘मालक घरी नाहीत. संध्याकाळी या.’

बाई म्हणाल्या, “चांगला आहे हो तुमचा माणूस, नम्र आहे.” तोवर माझ्याही डोक्यात थोडा प्रकाश पडला होता, कारण ‘आपण’ म्हणणारा चोर मी ऐकलेला नाही. मी लिहिलं, ‘मी जावई.’ उत्तर: ‘कोणाचे?’ मी लिहिलं, ‘तुमचा.’ मग आलं, ‘मग बाहेर का उभे? थांबा, दार उघडतो.’ आणि बाण निपचित पडला. आम्ही दोघं, मी आणि ती दातांची डॉक्टरीण, श्वास रोखून बघत राहिलो. तिने तेवढ्यात माझ्या हातून बदामचा गुलाम हलवून घेतला. बऱ्याच वेळाने अक्षरं आली: ‘दारात कोणी नाही. जिन्यातही बघितलं. आणि माझा गुलाम कोणी हलवला?’

संध्याकाळी घरी गेलो तर दादा दारातच खुर्ची टाकून बसलेले. मी ओरडून, खुणा करून, शेवटी कागदावर चित्र काढून त्यांना प्रकार समजावला. त्यांनी चित्राकडे बघितलं आणि एका वाक्यात निकाल लावला: “म्हणजे शिकाऊ गाडी. दोघांच्या पायाखाली ब्रेक.” (तुला माहीतच आहे, आयुष्यभर त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं.) मग त्यांनी विचारलं, “यात शिकतंय कोण?” मी म्हणालो, तसं कोणी नाही. त्यांना ऐकू गेलं नाही. पण त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून त्यांनी आपल्यापुरतं उत्तर ठरवलं होतं.

तेव्हापासून काय चाललंय ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मलाच ते नीट कळत नाही. मी कारखान्यातून आराखडा उघडतो, शेजारी ते कोरं पान उघडंच असतं, आणि त्यावर दादा काहीतरी लिहून ठेवतात. ‘बिजागरी उजवीकडे का?’ ‘आज दूध उतू गेलं, ताईला सांगू नका.’ मी उत्तर देतो. ते वाचतात, पत्ते लावतात, पुन्हा लिहितात. तुझ्या आईला गाडी शिकवताना ती एकदाही चुकली नाही, आणि म्हणून आपल्याला तिची भीती वाटायची, हे त्यांनी मला सांगितलं. तुला माहीत होतं? मला नव्हतं. इतके महिने एका छपराखाली जेवतोय, मी ‘भात?’ म्हणून ओरडायचं, त्यांनी ‘आठ’ ऐकून घड्याळाकडे बघायचं, एवढंच आमचं संभाषण. परवा त्यांनी लिहिलं, ‘तुमचा आवाज मी लग्नात ऐकला तेवढाच. बारीक होता.’ मी कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत बसलो. मिस्त्री विचारत होता, माप चुकलंय का.

आता घरी असलो तरी मी आतल्या खोलीत जाऊन फोनवर पडदा उघडतो आणि दादा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर. मध्ये एक भिंत. तुझी ताई आधी दोन्ही दारांतून आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिली, मग एक दिवस तिनेही लिहायला सुरुवात केली. त्यामुळे कोण बोलतंय हेही कळेनासं झालं आहे. काल पानावर उमटलं, ‘उठता की पाणी ओतू?’ मी दादांना अत्यंत अदबीने लिहिलं की आपण विनोद छान करता. तो विनोद नव्हता आणि ते दादाही नव्हते.

आणि याच गोंधळात तुझा निरोप आला की दादांचं तिकीट काढलंस, येत्या एक तारखेपासून ते तुझ्याकडे. ठरलंच होतं. तू आणि ताईने फोनवर ठरवलं, दादांनी मान डोलवली. (मान डोलवण्याबद्दल वर लिहिलंय.) मी कोऱ्या पानावर विचारलं, ‘तुम्हाला जायचंय ना?’ बाण तसाच उभा राहिला. मग हळूहळू पत्त्यांकडे गेला, इस्पिकची राणी उचलली, कुठेच न ठेवता पुन्हा होती तिथे आणून सोडली. आता याचा अर्थ काय लावायचा, तूच सांग. मला आराखडे वाचता येतात, राण्या वाचता येत नाहीत.

एकूण, या करामतीने आमच्या घराचा पार विस्कोट केला आहे. माझी फळी फुकट गेली, एका गिऱ्हाइकाने माझ्यापेक्षा पत्त्यांत जास्त लक्ष घातलं, बायको लेखी रागावते. तेव्हा तू लवकरात लवकर ये आणि हे काढून टाक. घरातल्या सगळ्यांना, दात आलेल्यांना आणि पडलेल्यांना, माझी आठवण सांग.

तुझा भावजी

ता. क. काढून टाकू नकोस. घाईत लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी काम दिलं, आणि ‘तुमच्या त्या नम्र माणसाला’ नमस्कार सांगितलाय.

ता. क. २. खरं म्हणजे पत्र या कारणासाठी लिहायला घेतलं होतं, पण वर कुठे जागाच सापडली नाही. दादांचं तिकीट रद्द करता येईल का? ताईला मी अजून विचारलेलं नाही. दादांनाही नाही. तुला पहिल्यांदा विचारतोय. तुझा हक्क आहे, तू मुलगा आहेस, मी नुसता भिंतीपलीकडचा माणूस. पण बघ.

ता. क. ३. हे पत्र मी कारखान्यातून घरच्या कॉम्प्युटरवर लिहितोय, म्हणजे ते छापून निघेल घरी. दादा पाकिटात घालून टपालात टाकतील. मिस्त्री हाक मारतोय, आलोच.

ढब्बू, मी दादा. जावई उठलेत तेवढ्यात लिहितो. सगळं वाचलं. मी तुझ्याकडे येणार आहे, मुलं बघायची आहेत. तिकीट राहू दे. परतीचंही काढ. जावयांना आत्ताच कळवू नकोस, हा भाग मी छापून झाला की इथून पुसतो आहे. थांबा असं मला कोणी म्हणतंय, ते चार दिवस ऐकू दे.