ड्यूकला सोबतीण

मर्लिंग फ्लॅट, गिप्सलँड
११ मे १९८७

चि. ब्राइस यास,
थेल्मामावशीचे अ.उ.आ.

संत्री तोडण्यापेक्षा खाण्याकडेच तुझं लक्ष असणार, हे ठाऊक असूनही लिहिते. आपल्या डचेस हंसीला कोल्ह्याने नेलं. तेव्हापासून आमचा ड्यूक तळ्याच्या काठावर खांबासारखा उभा असतो, दाण्याला शिवत नाही. हे काळे हंस एकदा जोडी जमली की जन्मभर निभावतात; तुझ्यासारखं दर महिन्याला नवीन त्यांना परवडत नाही.

खुब्याचं ऑपरेशन मी एकदा पुढे ढकललंय. आता टाळलं तर डॉक्टर यादीतून माझं नावच काढून टाकणार आहेत. तपासण्यांसाठी पंचवीसला दवाखान्यात जाते. पण ड्यूक खातोय असं तुझं पत्र आलं नाही, तर खाटेवरून उठून घरी येईन. कुंपणापलीकडे तो सेसिल टॉलंड आहे ना, गाईंचं गवत नासवतात म्हणून हंसांवर गोळी झाडायचा परवाना घेऊन फिरणारा! अक्कल गाईंइतकीच, तीही बायको, व्हेरा, गेल्यापासून आटली.

तू ये आणि येताना ड्यूकला सोबतीण आण. वाटेत रेसचे घोडे दिसले तर डोळे मिटून घे.

लोभ आहे, भरवसा नाही.
थेल्मामावशी


मर्लिंग फ्लॅट
२७ मे

ती. मावशीस,
सा.न.वि.वि.

घोडे नव्हते, उंटांची शर्यत होती. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

जखमी पाखरांच्या आश्रमातून एक हंसी मिळवली. पंख मोडका, पण तोरा असा की ड्यूकची डचेस तिच्यापुढे मोलकरीण. आश्रमातल्या बाईने तासभर प्रवचन दिलं आणि हंसीने वाटभर माझ्या अंथरुणात घाण केली. तळ्यात सोडली तर तुझ्या लाडक्याने तिला पंखांनी असं बडवलं, की बिचारी ट्रॅक्टरखाली जाऊन बसली. परत देऊन आलो. पुन्हा प्रवचन.

तोवर ड्यूक कुंपणातून घुसून सेसिलच्या अंगणात. तिथे काय आहे तुला माहीत आहे. जुनं टायर कापून, उलटं करून, मान वाकवून, पांढरा रंग फासलेला तो हंस. चोच लाल, पोटात जिरेनियमची झाडं. त्याच्यापुढे मान ताणून आमचे सरदार तुतारी फुंकत होते! सेसिल बंदूक घेऊनच बाहेर आला आणि त्याने विचारलं की हे गाढव कोणाचं. मला वाटलं माझ्याबद्दलच विचारतोय. टायर विकत मागितलं तर म्हणाला, व्हेराने स्वतःच्या हाताने कापलंय, हात लावशील तर याद राख. संध्याकाळपर्यंत पाखरू हलव, असंही वर.

चार वेळा उचलून आणलं. चार वेळा परत गेलं. मला दोनदा चावलं.

आहे तेवढ्या लोभावर भागव.
ब्राइस


दवाखाना, ट्राराल्गन
२९ मे

चि. ब्राइस,
आशीर्वाद, हवे असले तर.

टायर! लेट्यूस भरवून वाढवलेलं पाखरू आणि चव बघ त्याची. तो कचरा मी इतकी वर्षं पडदा ओढून नजरेआड केला. सेसिलला मी काय सांगू? बंदुकीवरून त्याच्याशी भांडून बसले होते म्हणून व्हेराच्या मातीला केकचं ताट घेऊन सगळी वस्ती गेली, मी तेवढी गेले नाही. त्याच्याकडे भीक मागायला मला तोंड नाही, आणि तुझ्या तोंडावर माझा विश्वास नाही.

पिशवी भरलीय. नर्सबाई चिडल्यात, चिडोत. गाडी घेऊन ये.

मावशी


मर्लिंग फ्लॅट
३१ मे

ती. मावशीस,
सा.न.वि.वि.

पिशवी रिकामी कर. ड्यूक खातोय.

काल सकाळी बघतो तर सेसिल अंगणात गुडघ्यांवर. जिरेनियम उपटून काढलेली, टायरच्या पोटात पेंढा आणि गहू, आणि आमचे सरदार त्यात बसून हादडतायत. मला म्हणाला, झाडं मेलीच होती. ताजी लाल फुलं बादलीत दिसत होती, मावशी. या माणसाला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही. वर मलाच शिव्या, की हंसाला पाव घालणारे लोक जगायच्या लायकीचे नाहीत. पाव मीच घातला होता.

मग विचारलं, तुझी मावशी चालायला लागली की पाखरू घेऊन जाईल ना? म्हटलं, नेणारच. बराच वेळ टायरची मान पुसत बसला. मग म्हणाला, टायरसकट न्या.

ऑपरेशन करून घे.
ब्राइस